झोक्याचं तिकीट

सुट्टी मागायला गेले तर साहेब म्हणाले,
येळवशीला लातूरच रानात असतं बाई,
गाडीत बसणार कोण? जा.

तर निघालो. एका स्कूटीवर चौघं.
रेवती पुढं उभी, कानटोपीत फक्त नाक.
बारकं माझ्या पोटाशी, शालीच्या गाठोड्यात,
अधूनमधून हलतं म्हणून समजायचं, आहे.
गार वाऱ्यानं ह्यांच्या डोळ्यांतून पाणी.
रेवती ओरडली, "आई, बाबा रडायलेत!"

आमचं रान नाही.
सातबाऱ्यावर आमचं नाव कुठंच नाही.
भाड्याच्या दोन खोल्या, गच्चीवर एका डब्यात मेथी,
तीही उन्हाळ्यात जळते.
पण सात वर्षं बिराजदारांचं स्टेअरिंग आणि माझी घंटी,
तेवढी ओळख पुरली.
"या की," म्हणाले, "लेकरं घेऊन. आमचं रान काय पळून चाललंय?"

तावरजेच्या अलीकडं, कडब्याची कोप.
आत चुना लावलेले पाच दगड, शालूच्या तुकड्यात.
पोरगी आधी घाबरली.
तिनं काळी जमीन अशी कधी बघितली नव्हती,
हात जाईल एवढ्या भेगा.
पोटावर पालथी पडून आत डोकावली.
"आई, ही फुटलीय. कुणी पाडली?"
नागरबाई भज्जी ढवळत होत्या, वळल्या नाहीत.
"फुटली न्हाई गं बाई. आ करून बसलीय."
मग काय!
एक बोर स्वतःला, एक भेगेला,
एक स्वतःला, एक भेगेला,
असं दुपारपर्यंत.

हरभऱ्याच्या पाल्यावरून बोट फिरवून चाटलं,
एक डोळा मिटला, दुसरा मिटला, अंग शहारलं,
आणि परत चाटलं.
आंबट म्हणजे काय हे मी तिला
पुस्तकातल्या लिंबावरून शिकवत होते.

आंबील शिंपत माणसं कोपीभोवती फिरली,
"ओलगे ओलगे सालम पलगे!"
ही मागून पळत, "होलगे होलगे, चालत बघे!"
कुणी दुरुस्त केलं नाही.
मूळ शब्दांचा अर्थ तरी कुणाला ठाऊक होता.

जेवणं झाली. उन्हं पाठीवर आली.
भज्जी, उंडे, खीर यांनी मोठी माणसं आडवी.
कडुनिंबाला सोलाचा झोका बांधलेला,
आणि त्याच्यासमोर माझी जुनी चामडी पिशवी गळ्यात अडकवून
रेवती.
"सुट्टे द्या, सुट्टे! पुढं सरका!"
(हे माझंच. मी इतकी खेकसते?)
भाडं, तुरीची एक शेंग.
तिकीट, बाभळीचा पाला, मधोमध दाताचा चावा.
पाटलाचं पोरगं म्हणालं, रान आमचं, मी फुकट बसणार.
"पास दाखव," ही म्हणाली.
त्यानं मुकाट्यानं शेंग तोडून आणली.

बारक्याला मी उघडं करून उन्हात ठेवलं होतं.
तो स्वतःच्या पायाकडं बघत राहिला,
जणू आजच आले.

दिवस बुडाला तसे हेंडगे पेटले,
ह्या रानात, त्या रानात, नदीपल्याड,
जाळ घेऊन पळणारी पोरं, दिसेना कुणीच,
नुसता जाळ पळतोय.
रेवतीनं माझा हात घट्ट धरला
आणि सोडवून घेतला
आणि परत धरला.

घरी आल्यावर झोपलेल्या अंगावरून स्वेटर काढला.
कुसळं एकेक उपटत बसले.
मग पिशवी रिकामी केली, सवयीनं मोजली.
शेंगा अकरा.
झोक्यावर बसलेले मी पाहिले होते, बारा.
ती झोपेतच कूस बदलून म्हणाली,
"तिचं पोट भरलं का?"
मी हो म्हणाले.

सकाळची पाच चाळीसची औसा गाडी.
काचेवर धुकं, आत सात प्रवासी,
सगळ्यांच्या कपड्यांना हेंडग्याच्या धुराचा वास.
मी सहज म्हणाले, काल एक शेंग कमी भरली.
बिराजदार आरशात दिसत होते.
सत्तावन्न वर्षांचा माणूस, पुढच्या साली रिटायर,
कानापर्यंत लाल झाला.
"तुम्ही भांडी घासाया गेल्ता तवा," म्हणाले,
"दोनच झोके घेतले हो."

मी दोर ओढला.
टिंग टिंग.